घोंगडीची घडी

"वडलांचं आप्रेशन बरं झालं न्हवं?" खाजाभाईंनी विचारलं आणि मी "हो, हो, छान झालं" म्हणून पुढे चालू लागलो. चार पावलं गेल्यावर मला उमगलं, की माझ्या वडलांचं ऑपरेशन झालं ही बातमी मला आत्ता, रस्त्यात, कळते आहे. खाजाभाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. पुढच्या खणात त्यांचं पिंजाऱ्याचं दुकान, मागे बिऱ्हाड. सकाळी साडेनऊला ते कापूस पिंजायची धनुकली भिंतीला टेकवून दारात उभे असतात आणि त्यांच्या भुवयांवर, दाढीवर कापसाचे तंतू बसलेले असतात. "काल इस्पितळात गाद्या पोचवाया गेल्तो," ते मागून सांगत होते. "तिथं व्हरांड्यात दिसले. दोन्ही डोळ्यांना पट्टी, म्हनून हाक न्हाई मारली. घरी येऊन बायकोला बोललो बी, रंगनाथभाऊ, तुमी आमाला सांगितलं न्हाई म्हनून." मी वळलो, हसलो, "गडबडीत राहून गेलं हो" असं काहीतरी बोललो. एरवी खोटं बोलायला मला तयारी लागते. कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा मागतानासुद्धा माझी जीभ अडखळते. त्या सकाळी मात्र ती कशी सरसर चालली. तात्या नगरात होते. माझ्या घरापासून चार फर्लांगांवर, उघड्या व्हरांड्यात, डोळे बांधून पडले होते. आणि कधीपासून, कुणाबरोबर, हे शेजाऱ्याला विचारायची सोय मी माझ्याच तोंडानं घालवून बसलो होतो.

इस्पितळाकडे वळायचा रस्ता कचेरीच्या रस्त्यातच फुटतो. मी वळलो नाही. दहाला हजेरी आहे, असं मी स्वतःला सांगितलं, आणि जाऊन टेबलाशी बसलो. आवक टपालाचा गठ्ठा समोर होता. मी एकेक पाकीट फोडत होतो, तारीख घालत होतो आणि मनात एकच हिशेब चालला होता, की मोतीबिंदूच्या माणसाला किती दिवस निजवून ठेवतात. आठ? दहा? म्हणजे परवाच्या बाजारच्या दिवशी मी मुक्तेला, माझ्या बायकोला, घेऊन त्याच रस्त्यानं भाजी आणायला गेलो, तेव्हाही तात्या तिथे होते. आम्ही दोघं काहीतरी हसत होतो. काय हसत होतो ते आठवेना. आणि मग मला आणखी एक गोष्ट कळली, जी मला कितीतरी आधी कळायला हवी होती, की गेल्या चार महिन्यांत वस्तीवरचं एकही माणूस आमच्याकडे मुक्कामाला आलेलं नाही.

जामखेडच्या पलीकडे आमची वस्ती. तिथून नगरला येणाऱ्या माणसाचं इथे एकच घर, ते म्हणजे आमचं. कुणाची कोर्टाची तारीख, कुणाचं दुखणं, कुणाच्या पोराची फायनलची परीक्षा. सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालते, चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची, त्यामुळे त्याच दिवशी परत जाणं कुणाला जमत नाही, मुक्काम ठरलेलाच. सर्जेपुऱ्यातली आमची जागा दोन खणांची. पुढच्या खणात मुक्तेच्या माहेराहून आलेली लोखंडी खाट, ट्रंक, दाराशी एक खुर्ची आणि आढ्याला टांगलेली बाळीची झोळी. मागच्या खणात चूल आणि मोरी. एवढ्यात मुक्ता माणसं बसवायची. म्हणजे अक्षरशः बसवायची, पेटीत भांडी बसवावीत तशी. दारात कुणी उभं राहिलं, की ती आधी त्याचं तोंड बघत नसे, उंची बघत असे. उंच माणूस दारापासून ट्रंकेपर्यंत तिरपा निजायचा. बुटका असला तर ट्रंक आणि खाट यांच्या मधल्या पट्ट्यात. आमच्या वस्तीशेजारचा आसाराम सहा फूट, तो आला की बाळीची झोळी दुसऱ्या कडीला जायची. उशी कमी पडली तर जुनं लुगडं घट्ट गुंडाळून अभ्र्यात घालायचं. रेशनच्या साखरेत पाहुणा धरलेला नसतो, म्हणून चहा गुळाचा. ती स्वतः नगरची, माळीवाड्यातली. पण माझ्या माणसांचं तिनं कधी ओझं मानलं नाही. "घर काय, वितीएवढं असेना," ती म्हणायची, "निजल्यावर कुणाला भिंती दिसतात का?" मला तिचं हे बोलणं आवडायचं आणि चारचौघांत मी ते माझंच म्हणून सांगायचो.

मार्गशीर्षात तात्या आले. मोतीबिंदू पिकलेत, आता काढून घ्यावेत, असं जामखेडच्या कुणा कंपाउंडरनं त्यांना सांगितलं होतं. मोटारीतून उतरले ते कोळशानं काळे झालेले, एका हातात काठी, दुसऱ्यात भाकरीचं गाठोडं आणि खांद्यावर त्यांची घोंगडी. घोंगडी खांद्यावर टाकल्याशिवाय तात्या वस्तीच्या शिवेबाहेर पडत नाहीत. त्यांना चेहरे दिसत नव्हते. उजेड कुठे आहे, अंधार कुठे आहे, एवढं कळत होतं. आम्ही ठरवलं, की वडील आहेत, इतरांसारखं यांना जमिनीवर निजवायचं नाही. खाट त्यांना दिली. खाजाभाईंनी नव्यानं पिंजलेल्या कापसाची गादी, गिऱ्हाइकाची होती ती, चार दिवसांच्या बोलीवर वापरायला दिली. दोन खणांच्या मधे मुक्तेनं आपलं जुनं लुगडं बांधून पडदा केला. ती आणि बाळी चुलीपाशी निजू लागल्या. मी खाजाभाईंच्या दुकानात, पिंजलेल्या ढिगाच्या आडोशाला. तात्यांना रात्री उठावं लागलं तर वाट कळावी, म्हणून मी खाटेच्या पायापासून दाराच्या कडीपर्यंत सुतळी ताणून बांधली. तिला धरून धरून ते पहिल्या दिवशी हसले. "म्हशीला दावं बांधतोय तसं मला बांधलंस की रं," म्हणाले. त्यांचं ताट पाटावर, आधी. आमचं नंतर. वस्तीवर आम्ही सगळे एकाच वेळी, चुलीभोवती, हातात भाकरी घेऊन जेवत असू. पण ते तिकडचं. इथे त्यांची बडदास्त राहिली पाहिजे, असं मला वाटत होतं. मी हे कशासाठी करत होतो, त्यांच्यासाठी की मला हे करता येतं हे त्यांना दिसावं म्हणून, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

इस्पितळात डोळ्यांचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येई. पहिल्या सोमवारी नंबर लागला नाही. पुढच्या सोमवारी नक्की, असं सांगितलं. म्हणजे आणखी सात दिवस. तिसऱ्या दिवशी मुक्तेनं मला मोरीपाशी बोलावून हळूच सांगितलं, की मामंजी खाटेवर निजतच नाहीत. रात्री बाळीला पाजायला उठली तेव्हा तिनं पडद्याआडून बघितलं होतं. ते खाली फरशीवर, आपली घोंगडी पांघरून, अंगाचं मुटकुळं करून निजले होते. पहाटे उठून चाचपत चाचपत त्यांनी गादीवरची चादर मुद्दाम चुरगाळली, उशीला मधे खळगा पाडला आणि मग खाटेच्या कडेवर बसून राहिले, आत्ताच उठल्यासारखे. "आपल्याला वाईट वाटू नये म्हणून," मुक्ता म्हणाली आणि तिला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. आम्ही त्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. तसं ते आठ दिवस आम्ही तिघंही एकमेकांची सोय बघत होतो आणि कुणालाच धड झोप नव्हती. दुकानात कापसाचे तंतू नाकातोंडात जाऊन मला ठसका लागे. पाठ आखडली होती. कचेरीत मी एका पत्राला दोनदा जावक नंबर दिला आणि हेडक्लार्कची बोलणी खाल्ली. चार दिवसांची गादी आठ दिवस झाली तरी परत गेली नव्हती आणि खाजाभाई काही बोलत नव्हते, हेही मला खुपत होतं. संध्याकाळी घरी येताना दारातून तात्यांची ती खाटेच्या कडेवर बसलेली, पाय अधांतरी लोंबणारी आकृती दिसली, की मी दाराबाहेरच थबके. ते प्रेमापोटी होतं असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. ती सगळ्या मुलखाची आहे की नुसती आमच्या घरची, मला ठाऊक नाही. दुसरीकडे मी ती पाहिलेली नाही. आमचं वस्तीवरचं घर बाजाराच्या वाटेवर. सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे, वाट चुकलेले, कुणीही येऊन राही. तात्यांच्या तोंडून 'जा' हा शब्द निघत नसे. पण धान्याच्या कणगीला तळ असतो. तो दिसायला लागला, की आई एक दिवस सकाळी उठून पाहुण्याची घोंगडी अंगणात नेई, काठीनं झोडपी, ऊन देई, तिची चौपदरी घडी घाली आणि दाराशी ओट्यावर नेऊन ठेवी. तोंडानं चकार शब्द नाही. उलट त्या दिवशी कालवणात मूठभर डाळ जास्तच पडे. पाहुणा बाहेर येई, घडी बघे, तांब्याभर पाणी पिई आणि म्हणे, "निगावं म्हंतो आता." मग तात्या त्याचा हात धरून अगदी पोटातून म्हणत, "राहा की अजून. कसली घाई हाय?" आणि पाहुणा जाई. कुणाचा अपमान झाला नाही, कुणी रुसलं नाही. हातानं निरोप आईचा, तोंडानं आग्रह तात्यांचा, असा तो दोघांचा संसार होता. मी आठ-नऊ वर्षांचा असेन तेव्हाच मला हे पाठ झालं होतं. तात्या 'राहा की अजून' म्हणाले, की मी न सांगता आत जाऊन पाहुण्याची काठी आणून देई. आई गेल्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर आमच्या ओट्यावर घोंगडीची घडी कुणी ठेवली नाही.

मुक्तेला हे कुठून माहीत असणार? मी तिला कधी सांगितलं नव्हतं. शनिवारी इस्पितळातल्या नर्सबाईंनी तिला बजावलं होतं, की ऑपरेशनच्या आधी डोळ्यांजवळ धूळ, लोकर असलं काही नको. तिनं दुपारी तात्यांच्या अंगावर चादर दिली, घोंगडी बाहेर नेली, झोडपली, ऊन दिलं आणि नीट चौपदरी घडी घातली. मग ती ठेवायची कुठे? खाटेवर तात्या. ट्रंकेवर बाळीचे कपडे. चुलीच्या खणात धूर. घरात मोकळी अशी एकच वस्तू होती, दाराशी असलेली खुर्ची. मी कचेरीतून आलो तेव्हा दारात उन्हाचा शेवटचा तिरका पट्टा होता आणि त्या उजेडात खुर्चीवर तो काळा चौकोन. तात्या खाटेच्या कडेवर बसले होते, तोंड त्याच दिशेला. त्यांना चेहरे दिसत नव्हते. पण काळं आणि उजेड यांतला फरक दिसत होता.

"सूनबाईनं ऊन दिलं जनू घोंगडीला," तात्या म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"बरं केलं."

एवढंच. आता मी बोलायचं होतं. 'तात्या, तिला आपली रीत माहीत नाही.' पाच-सहा शब्द. ते माझ्या जिभेच्या टोकाशी होते, मी त्यांची चव घेतली. आणि त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "राहा की अजून. कसली घाई आहे?"

हे मी अडवण्यासाठी बोललो, असं मी पुढे कितीदा तरी स्वतःला पटवलं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी घरातलंच बोलणं येतं, दुसरं काय येणार? ही एक बाजू. दुसरी बाजू अशी, की बोलताना माझी आखडलेली पाठ मला जाणवत होती, आणि बोलून झाल्यावर ती सैल झाली. मला माहीत होतं या शब्दांचा आमच्या घरात काय उपयोग होतो. जगात फक्त दोन माणसांना माहीत होतं, आणि ती दोन्ही त्या खोलीत होती. तात्यांनी मान हलवली. कुणीतरी हिशेब बरोबर सांगितला की हलवतात तशी. "व्हय व्हय," म्हणाले, "पर वस्तीवर जरा काम ऱ्हायलंय." मग त्यांनी बाळीची झोळी मागितली, दोरी हातात घेतली आणि ती निजेपर्यंत हलवत बसले.

सोमवारला दोन दिवस उरले होते. रविवारी सकाळच्या मोटारीनं ते गेले. मुक्ता परोपरीनं विनवत होती, "मामंजी, एका दिवसासाठी कशाला? उद्या तर नंबर आहे." ते म्हणाले, "येतो की पुन्यांदा. डोळं काय पळून जात्यात व्हय?" त्यांना मोटारीत बसवून काठी मीच त्यांच्या हातात दिली. त्या रात्री मी माझ्या खाटेवर, त्याच गादीवर निजलो आणि निजताना मनात आलं, सुंठीवाचून खोकला गेला. आलं, हे मी नाकबूल करत नाही. सकाळी उठून मी ती गादी परत केली, सुतळी सोडली आणि गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

मुक्तेनं त्या दिवसापासून एकच धरलं, "माझं काय चुकलं?" कालवण तिखट होत होतं का? बाळी रात्री रडायची म्हणून? पडदा लावला तो आवडला नसेल का, परकं केल्यासारखं वाटलं असेल? पडद्याचं लुगडं घडी करताना ती एकदा मुसमुसून रडली. मी म्हणालो, "अगं, काही नाही. म्हातारी माणसं, त्यांना वस्तीशिवाय करमत नाही." तिला खरं सांगायचं म्हणजे आधी घडीचं सांगावं लागलं असतं, आणि घडीचं सांगितलं असतं तर तिनं लगेच विचारलं असतं, 'मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?' ती हुशार आहे. म्हणून तिचं काही चुकलं नाही हे माहीत असूनही मी तिला चार महिने चुकल्यासारखं वाटू दिलं. दोन कार्डं मी तात्यांना पाठवली, डॉक्टर येतात, यावं. शाळामास्तरांच्या अक्षरात उत्तर आलं, की सवडीने येऊ, काळजी नसावी. मी जाऊन आणलं असतं तर? एका दिवसाची रजा. ती मी मागितली नाही. फाल्गुनात आसारामची तारीख होती, तो आला नाही. दाव्याची तडजोड झाली असेल, असं मी मुक्तेला म्हणालो. आता टपालाच्या गठ्ठ्यापुढे बसून मला लख्ख कळत होतं. तडजोड झालेली नव्हती. आसाराम येऊन, दुसरीकडे कुठेतरी निजून, परत गेला होता.

पाचला सुटलो. घरी न जाता सरळ इस्पितळाची वाट धरली. चैत्राचं ऊन अजून भिंतींतून बाहेर येत होतं. वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होतो. रागावून बोलावं, 'तात्या, हे काय केलंत, लोक काय म्हणतील?' हे सोपं होतं. रागावलेल्या माणसाला क्षमा मागावी लागत नाही. फाटकातून आत गेलो तेव्हा तेच वाक्य ओठांवर होतं. व्हरांड्यात सात-आठ माणसं फरशीवर पथारी टाकून होती. भिंतीला पाठ लावून तिसऱ्या जागेवर तात्या बसले होते. दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी, दाढीचे खुंट वाढलेले, गळ्याची हाडं वर आलेली. शेजारी तांब्या आणि एक गाठोडं. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि ओठांवरचं वाक्य कुठे गेलं कुणास ठाऊक. पावलं थांबलेली त्यांना ऐकू आली असावीत.

"कोन हाय? जागा बघताय व्हय?" त्यांनी विचारलं. मी पायातल्या चपला काढल्या. "या, बसा पाव्हनं. हितं बसा. त्या अंगाच्या भिताडाला दिसभर झळ लागती, हिकडं गार हाय." ते बोलता बोलता सरकले. हातानं फरशी चाचपून त्यांनी गाठोडं आपल्या मांडीशी ओढलं, तांब्या पलीकडे ठेवला, आणि मधे एक माणूस नीट बसेल एवढी जागा झाली. मी बसलो. "पानी दाराच्या मागं माठात हाय, पर पेला आपला लागतो. माझा घ्या. आन् चपला भिताडाला लावून ठेवा, राती कंदिलाचा उजेड हितपत्तोर येत न्हाई. उशाला काय न्हाई आनलं? मंग हे गठुडं घ्या, भाकरी संपल्यात आता, मऊ हाय." मी त्यांच्याकडे बघत होतो. आठ दिवस खाट, गादी, पडदा, सुतळी करून मला जे साधलं नव्हतं, ते त्यांनी दोन हात फरशीत आंधळ्यानं करून दाखवलं होतं. मला तिथे, त्या फिनेलच्या वासात, खरोखर बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटली.

"कुनाचं दुखनं घेऊन आलाय?" तात्यांनी विचारलं.

"वडलांचं," मी म्हणालो.

त्यांचा हात गाठोड्यावर होता तो तिथेच थांबला. पलीकडच्या खोलीत कुणीतरी भांडं पाडलं. मग तो हात हळूहळू माझ्याकडे आला, गुडघ्याला लागला, तिथून माझ्या कोटाच्या बाहीवर आला आणि बाहीचं बटण अंगठ्यानं चाचपत राहिला.

"आपीस सुटलं व्हय?"

"सुटलं."

"पोरगी बरी हाय?"

"बरी आहे. दोन दात आलेत."

"आलं का?" ते हसले. पट्टीखाली नुसते ओठ हसले. "आसाराम हाय संगं. त्यो गेलाय च्या आनाया. आठ दिस झालं बघ. तुला सांगावा धाडनारच हुतो, पट्टी सुटल्यावर. म्हनलं, उगं कशाला. तुमची जागा थोडी, त्यात पोर तान्ही. वस्तीवर बी सगळ्यास्नी सांगून ठिवलंय म्या, नगरला गेला तर त्यास्नी तरास दिऊ नका, दोगं जीव कामाची हैत."

मी त्या आवाजात तक्रार शोधत होतो. थोडीशी जरी सापडली असती, तरी मला धरायला काहीतरी मिळालं असतं. तक्रार नव्हती. त्यांनी खरोखरच आमची सोय बघितली होती, आणि सगळ्या वस्तीला बघायला लावली होती.

"घरी चला, तात्या."

"येतो की. परवा पट्टी सोडत्यात. मोटार दुपारची हाय. तिच्या आधी येतो, सूनबाईच्या हातचा च्या घेतो, पोरीला बघतो. आता दिसंल की मला. आन् मंग निगतो."

"चहापुरते?"

"च्या घेतो, मंग निगतो," ते म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले.

तेव्हा माझ्या तोंडून ते सगळं एकदम बाहेर पडलं. नर्सबाईंनी काय सांगितलं होतं, ट्रंकेवर बाळीचे कपडे होते, चुलीपाशी धूर होता, खुर्चीशिवाय जागाच नव्हती. मुक्तेला ही रीत कधी कुणी सांगितलीच नव्हती, ती नगरची, तिच्या मनात काही नव्हतं, ती अजून मला रोज विचारते की माझं काय चुकलं. मी भरभर बोलत होतो आणि शेजारच्या पथारीवरचा माणूस कूस वळवून आमच्याकडे बघत होता. तात्यांनी मला मधे थांबवलं नाही. बाहीवरचा हातही काढला नाही.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "तिला कुठनं म्हाईत असनार? दुसऱ्याची लेक ती. मोटार घाटात यायच्या आतच ध्येनात आलं माझ्या. सांग तिला, काय चुकलं न्हाई तिचं. लई केलं पोरीनं." मग आज वार कोणता हे सांगावं तितक्या साधेपणानं ते म्हणाले, "पर तुला ठाव हुतं, रंगा."

मी मान खाली घातली. त्यांना ती दिसणार नव्हती तरी घातली. त्यांचा अंगठा बटणावरून फिरतच होता. बटण सैल झालेलं होतं. त्यांनी ते एकदा ओढून पाहिलं आणि सोडून दिलं.

आसाराम दोन्ही हातांत दोन कप धरून पायऱ्या चढून आला. मला बघून तो चोरी पकडल्यासारखा उभा राहिला. "रंगनाथभाऊ, तुमी व्हय?" एवढंच म्हणाला आणि वाकून त्यानं एक कप तात्यांच्या हाताला लावला. तात्यांनी तो हातानंच बाजूला केला.

"आधी त्याला दे," ते म्हणाले. "लई लांबनं आलाय त्यो."

मी कप घेतला. तात्या आणखी थोडे सरकले आणि आसारामलाही बसायला जागा झाली.